लसीकरण अपुरे असलेल्या वस्तीत घटसर्प: रुग्ण ओळखावा कसा आणि साथ आटोक्यात आणावी कशी

घटसर्प (डिफ्थेरिया) आता इतिहासजमा झाला, असे आपण इतकी वर्षे म्हणत आलो की तो समोर येऊन उभा राहिला तरी पटकन ओळखू येत नाही. अनेक तरुण डॉक्टरांनी आणि परिचारिकांनी त्याचा एकही रुग्ण पाहिलेला नसतो. घसा दुखतो आहे, अंगात कणकण आहे, टॉन्सिल सुजले आहेत, एवढ्यावर नेहमीचे औषध लिहून मुलाला घरी पाठवले जाते, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी तेच मूल सुजलेल्या मानेने, श्वासाची घरघर घेऊन परत येते. तोपर्यंत उपचाराची सर्वांत मोलाची वेळ निघून गेलेली असते आणि घरातल्या, वर्गातल्या आणखी काही जणांच्या घशात जंतू पोचलेला असतो.

हा लेख लसीकरण अपुरे राहिलेल्या वस्त्यांमध्ये, स्थलांतरितांच्या छावण्यांमध्ये किंवा दुर्गम भागांत काम करणारे आरोग्यसेवक, परिचारिका, डॉक्टर आणि कार्यकर्ते यांच्यासाठी लिहिला आहे. घटसर्पाच्या साथीत दोन कामे एकाच वेळी हाती घ्यावी लागतात आणि त्यांची गती अगदी वेगळी असते. रुग्णाला वाचवण्याचे काम तासांच्या हिशेबाने चालते, तर वस्तीची प्रतिकारशक्ती भरून काढण्याचे काम महिन्यांच्या. पहिल्या कामाच्या धावपळीत दुसरे मागे पडते आणि रुग्ण येणे थांबले की ते बहुधा सोडूनच दिले जाते. म्हणून या दुसऱ्या कामावर मी मुद्दाम अधिक लिहिणार आहे.

आजाराचे मूळ समजून घ्यावे

कोरिनेबॅक्टेरियम डिफ्थेरिये हा जिवाणू शरीरात खोलवर शिरत नाही. तो घशाच्या, नाकाच्या किंवा त्वचेच्या पृष्ठभागावरच वस्ती करतो. जीव घेते ते त्याने सोडलेले विष. हे विष बनवणारा जनुक मुळात जिवाणूचा स्वतःचा नसतो, तर जिवाणूला बाधणाऱ्या एका विषाणूने तो त्याच्यात आणलेला असतो. त्यामुळे याच जातीचे काही जिवाणू विष बनवतात आणि काही बनवत नाहीत. विष पेशीत शिरले की तेथील प्रथिनांची निर्मिती बंद पडते. घशातल्या मृत पेशी, रक्तपेशी आणि फायब्रिन (रक्त गोठवणारे तंतुमय प्रथिन) यांचा मिळून राखाडी, चामड्यासारखा चिवट पडदा तयार होतो, आणि रक्तात मिसळलेले विष हृदयाच्या स्नायूंपर्यंत व मज्जातंतूंपर्यंत पोचते.

पुढच्या जवळजवळ सगळ्या कृती या एवढ्या माहितीवर आधारलेल्या आहेत. प्रतिजैविक जंतूला मारते, परंतु आधीच सुटलेल्या विषावर त्याचा काहीही परिणाम होत नाही. प्रतिविष फक्त रक्तात मोकळे असलेले विष निष्प्रभ करते; जे पेशीत शिरले ते त्याच्या हाताबाहेर गेलेले असते, आणि म्हणूनच प्रतिविष देण्यात होणारा प्रत्येक दिवसाचा उशीर मृत्यूचा धोका वाढवतो. लस तयार होते ती विषाला निर्विष करून, म्हणजे टॉक्सॉइडपासून. ती विषापासून उत्तम संरक्षण देते, पण जंतू घशात राहण्यापासून पूर्णपणे रोखत नाही.

या तिसऱ्या मुद्द्याचे ठळक उदाहरण २०१५ मध्ये स्पेनमधील ओलोट या गावी पाहायला मिळाले. लस न दिलेला सहा वर्षांचा एक मुलगा तेथे घटसर्पाने दगावला. देशात जवळपास तीन दशकांनी हा आजार आढळला होता आणि प्रतिविष देशात नसल्यामुळे ते रशियातून आणावे लागले. त्याच्या संपर्कातील मुलांची तपासणी केली असता काही लस घेतलेल्या मुलांच्या घशातही तोच जंतू सापडला, परंतु त्यांच्यापैकी कोणीही आजारी पडले नाही. तेव्हा आसपासच्या सर्वांनी लस घेतलेली आहे, मग आपल्या मुलाला कशाची भीती, हा युक्तिवाद घटसर्पाच्या बाबतीत विशेष लंगडा आहे. निरोगी दिसणाऱ्या मुलाकडूनही जंतू येऊ शकतो आणि त्याच्या विषापासून वाचवते ती ज्याने त्याने स्वतः घेतलेली लसच.

रुग्ण येण्याआधी: वस्तीतील उणीव मोजावी

घटसर्पाची साथ अचानक आल्यासारखी वाटते, पण तिची तयारी अनेक वर्षे चाललेली असते. हे समजण्यासाठी एक साधा हिशेब करून पाहावा. समजा, एका मोठ्या वस्तीत दरवर्षी ४०० मुले जन्मतात आणि त्यांपैकी ७० टक्क्यांना पहिल्या तीन मात्रा पूर्ण मिळतात, म्हणजे २८० मुलांना. तीन मात्रांनंतर लक्षणे असलेल्या आजारापासून मिळणारे संरक्षण सुमारे ८७ टक्के धरले, तर खऱ्या अर्थाने सुरक्षित झालेली मुले होतात सुमारे २४४. उरलेली १५६ मुले त्या वर्षीच्या खात्यात असुरक्षित राहिली. दहा वर्षांत हा आकडा १,५६० वर जातो, आणि ही सगळी मुले एकाच शाळेत, एकाच मैदानावर, एकमेकांच्या घरांत वावरत असतात. साथ पसरू नये म्हणून समाजातील सुमारे ८० ते ८५ टक्के लोक सुरक्षित असावे लागतात. या वस्तीत मुलांमध्ये ते प्रमाण ६१ टक्केच आहे. गेल्या वर्षीची टक्केवारी चांगली होती, या समाधानाचा अशा वेळी काही उपयोग नसतो, कारण साथीला आधीच्या सगळ्या वर्षांची शिल्लक मिळालेली असते.

म्हणून वस्तीची जोखीम तपासताना वयोगटवार तक्ता करावा: एक वर्षाखालील, एक ते चार, पाच ते नऊ, दहा ते चौदा आणि त्यापुढील प्रौढ. प्रत्येक गटात एकही मात्रा न मिळालेले किती, तीन पूर्ण झालेले किती आणि वर्धक (बूस्टर) मात्रा मिळालेले किती, हे लसीकरण कार्डावरून भरावे. कार्ड हरवले असेल आणि नोंदवहीतही नाव सापडत नसेल, तर त्या व्यक्तीला लस मिळालेली नाही असेच धरावे. पालकांच्या आठवणीत 'सगळ्या सुया झाल्या' एवढेच असते आणि त्यात पोलिओचे थेंब, गोवराची लस, सगळेच मिसळलेले असते. एखादी मात्रा जास्तीची गेली तर फार तर दंड अधिक दुखेल. राहून गेली तर त्याची किंमत बरीच मोठी असू शकते.

वर्धक मात्रांचा रकाना बहुतेक ठिकाणी रिकामा सापडेल. जागतिक आरोग्य संघटना सहा आठवड्यांच्या वयापासून तीन प्राथमिक मात्रा सुचवते आणि त्यांनंतर १२ ते २३ महिने, ४ ते ७ वर्षे आणि ९ ते १५ वर्षे अशा तीन टप्प्यांवर वर्धक मात्रा सुचवते. बालपणीचे संरक्षण काळाबरोबर ओसरते. पूर्वी जंतू समाजात सतत फिरत असल्यामुळे ते आपोआप उजळत असे. लसीकरणामुळे जंतू दुर्मीळ झाल्यावर तो मार्ग बंद झाला आणि प्रौढांचा मोठा गट नकळत उघडा पडला.

सोव्हिएत संघाच्या विघटनाच्या काळात नेमके हेच झाले. १९९० ते १९९८ या काळात तेथील नव्या देशांत दीड लाखांहून अधिक लोकांना घटसर्प झाला आणि ५,००० वर माणसे दगावली. रुग्णांमध्ये प्रौढांचे प्रमाण मोठे होते. विस्कळीत झालेली आरोग्यव्यवस्था आणि लोकांची स्थलांतरे ही कारणे होतीच, पण त्याआधीच्या वर्षांत किरकोळ कारणांवरून मुलांची लस टाळण्याची आणि त्यांना कमी ताकदीची लस देण्याची जी पद्धत रूढ झाली होती, तिचाही त्यात वाटा होता. प्रौढांसह सर्व वयोगटांना मोठ्या प्रमाणावर लस दिल्यानंतरच ती साथ ओसरली. याउलट, नोव्हेंबर २०१७ पासून बांगलादेशातील कॉक्स बाजार येथील रोहिंग्या निर्वासितांच्या छावण्यांत जी साथ आली, तिचे बहुतेक रुग्ण पंधरा वर्षांखालील होते. आपल्या वस्तीत कोणता वयोगट उघडा आहे हे पुस्तकावरून ठरत नाही, ते वरच्या तक्त्यावरूनच ठरते.

अलीकडच्या काळाबद्दल एवढेच सांगणे पुरे आहे की त्रिगुणी लसीच्या (घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांवरील एकत्रित लस) तीन मात्रा पूर्ण झालेल्या बालकांचे जागतिक प्रमाण २०१९ मध्ये ८६ टक्के होते, ते कोविडच्या काळात, २०२१ मध्ये, ८१ टक्क्यांवर घसरले. आणि २०२३ मध्ये एकही मात्रा न मिळालेली बालके जगभरात सुमारे १ कोटी ४५ लाख होती. येमेनमध्ये २०१७ पासून आणि नायजेरियात २०२२ च्या अखेरीपासून आलेल्या मोठ्या साथी याच पार्श्वभूमीवर पाहायच्या आहेत.

घसा नीट पाहावा

संसर्ग झाल्यापासून साधारणपणे दोन ते पाच दिवसांत, कधी दहा दिवसांपर्यंत, लक्षणे दिसू लागतात. सुरुवात फसवी असते. ताप फारसा चढत नाही. घसा दुखतो, गिळताना त्रास होतो, मूल मलूल दिसते. तापाच्या मानाने रुग्ण जास्त आजारी दिसत असेल, तर तेथेच थांबून घसा पुन्हा पाहावा.

पाहण्याची रीत अशी. स्वतः मास्क आणि डोळ्यांना संरक्षण लावावे, कारण घसा तपासताना मूल हमखास खोकते. मुलाला उजेडाकडे तोंड करून आईच्या मांडीवर बसवावे, टॉर्चचा उजेड तिरका न टाकता सरळ घशाच्या मागच्या भिंतीवर टाकावा आणि पट्टीने जीभ हळुवारपणे दाबावी. साध्या टॉन्सिलदाहात पांढरे-पिवळे ठिपके गलग्रंथींपुरतेच, म्हणजे टॉन्सिलपुरतेच, असतात आणि सहज पुसले जातात. घटसर्पाचा पडदा मोतिया-राखाडी असतो, एका बाजूला सुरू होऊन गलग्रंथी ओलांडतो आणि पडजिभेकडे, मऊ टाळूकडे सरकत जातो. त्याची कड स्पष्ट दिसते आणि तो खालच्या त्वचेला घट्ट चिकटलेला असतो. तो ओरबाडून पाहू नये. ओरबाडले तर रक्त येते, सूज वाढते आणि सुटलेला तुकडा श्वासमार्गात अडकण्याचा धोका असतो. श्वासाला एक उग्र, कुबट वास असतो. नाकाच्या एकाच बाजूने रक्ताळलेले पाणी येणे ही लहान मुलांमध्ये लक्षात ठेवण्याजोगी खूण आहे. मानेच्या गाठी आणि आजूबाजूचा भाग सुजून मान बैलासारखी जाड दिसू लागली, तर आजार तीव्र आहे असे समजावे. आवाज बसणे, भुंकल्यासारखा खोकला, श्वास घेताना बरगड्यांमधली जागा आत ओढली जाणे, ही स्वरयंत्रापर्यंत आजार पोचल्याची चिन्हे आहेत; असा रुग्ण क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालयात हलवावा, आणि वाटेत त्याला जबरदस्तीने आडवे झोपवू नये.

घशाचा, नाकाचा किंवा स्वरयंत्राचा दाह आणि सोबत चिकटलेला पडदा, एवढे असले की रुग्णाला संशयित घटसर्प म्हणावे. त्यासाठी प्रयोगशाळेची वाट पाहायची नसते.

त्वचेच्या घटसर्पाकडे फार दुर्लक्ष होते. पायावरच्या, लवकर न भरणाऱ्या, राखाडी थर असलेल्या जखमा पाहून कोणाच्याही मनात हा आजार येत नाही; त्यातून हृदयावर परिणाम क्वचितच होतो, परंतु अशा जखमेतून जंतू इतरांना लागतो. युरोपात २०२२ मध्ये आश्रय मागणाऱ्या तरुण स्थलांतरितांमध्ये मुख्यतः या स्वरूपात घटसर्प आढळला होता. गर्दीच्या निवाऱ्यांत काम करणाऱ्यांनी जखमांची विचारपूस करणे हे घसा पाहण्याइतकेच आवश्यक मानावे.

पहिले काही तास

संशय आला की रुग्णाला वेगळ्या खोलीत ठेवावे. खोली नसेल तर इतरांपासून किमान एक मीटर अंतरावर आणि त्याच्या तोंडावर मास्क लावून ठेवावे. काळजी घेणाऱ्यांची लस पूर्ण असावी आणि त्यांनी मास्क, हातमोजे व अंगरखा वापरावा.

प्रतिजैविक सुरू करण्याआधी घशाचा आणि नाकाचा नमुना घ्यावा. तो पडद्याच्या कडेखालून घेतला तर जंतू सापडण्याची शक्यता अधिक असते. प्रयोगशाळेला संशय घटसर्पाचा आहे हे आवर्जून कळवावे, कारण नेहमीच्या घशाच्या तपासणीत हा जंतू निसटतो. त्याला वाढवण्यासाठी टेल्युराइट हे रसायन असलेले माध्यम लागते, आणि तो विष बनवतो की नाही हे कळण्यासाठी एलेक चाचणी करावी लागते. नमुना घेण्याची सोय नाही म्हणून उपचार मात्र अडवू नयेत.

प्रतिविष डॉक्टरांच्या देखरेखीखाली, शिरेतून, सलाइनमध्ये मिसळून सावकाश द्यावे. त्याची मात्रा रुग्णाच्या वजनावर अवलंबून नसते, कारण आपल्याला विष निष्प्रभ करायचे असते आणि ते किती सुटले आहे हे आजाराची व्याप्ती व दिवस यांवरून ठरते. म्हणून लहान मुलालाही प्रौढाइतकीच मात्रा द्यावी लागते. घशापुरता मर्यादित आणि दोन दिवसांच्या आतला आजार असेल तर २०,००० एककांच्या आसपास, आणि मान सुजलेली असेल किंवा तीन दिवसांहून अधिक काळ लोटलेला व्यापक आजार असेल तर ८०,००० ते १,००,००० एककांपर्यंत मात्रा लागते. हे प्रतिविष घोड्याच्या रक्तद्रवापासून बनते, त्यामुळे तीव्र ॲलर्जीची शक्यता धरून ॲड्रेनलिन आणि श्वासमार्ग सांभाळण्याची साधने आधीच हाताशी ठेवावीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार प्रत्येक रुग्णाची आधी संवेदनशीलता चाचणी करत बसण्याची गरज नाही.

जगात प्रतिविष बनवणारे उत्पादक मोजकेच आहेत आणि साठे तुटपुंजे असतात. ते कोणत्या भांडारात आहे, किती आहे, कोणाच्या सहीने मिळते आणि रात्री कोणाला फोन करावा लागतो, याची चौकशी पहिला रुग्ण येण्याच्या आधीच करून ठेवावी. माझ्या मते साथीच्या पूर्वतयारीत दुसऱ्या कोणत्याही कागदापेक्षा ही चार ओळींची चिठ्ठी अधिक कामाची आहे.

प्रतिजैविक १४ दिवस द्यायचे असते. सध्या ॲझिथ्रोमायसिन किंवा एरिथ्रोमायसिन यांना पेनिसिलिनपेक्षा पसंती दिली जाते. उपचार संपल्यानंतर किमान २४ तासांच्या अंतराने घेतलेले दोन नमुने जंतुमुक्त आले की विलगीकरण संपवावे. तपासणीची सोय नसेल तर १४ दिवसांचा औषधोपचार पूर्ण होईपर्यंत ते चालू ठेवावे.

घसा स्वच्छ दिसू लागला की घरच्यांना वाटते संकट टळले. प्रत्यक्षात हृदयाचा दाह बहुधा पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात उद्भवतो, म्हणून या काळात विश्रांती आणि हृदयाचे आलेख आवश्यक असतात. त्यानंतरच्या आठवड्यांत टाळूचा पक्षाघात होऊन आवाज नाकातून येऊ लागतो किंवा प्यायलेले पाणी नाकावाटे बाहेर येते. हातापायांतली शक्ती जाणे तर दोन-तीन महिन्यांनीही दिसू शकते. घरी सोडताना ही लक्षणे पालकांना त्यांच्या भाषेत सांगावीत आणि त्यांच्याकडून एकदा उलट सांगून घ्यावीत.

संपर्कातील लोक

रुग्णाच्या घरातील सर्वजण, शेजारी झोपणारे, त्याच वर्गात जवळ बसणारे, आणि मास्कशिवाय त्याची सेवा केलेले आरोग्यसेवक, यांची यादी त्याच दिवशी करावी. प्रत्येकाचा घसा पाहावा, शक्य असेल तर नमुना घ्यावा आणि निकालाची वाट न पाहता प्रतिबंधक प्रतिजैविक द्यावे. पेनिसिलिनची ॲलर्जी नसलेल्यांना बेंझाथिन पेनिसिलिनचे एकच इंजेक्शन पुरते: सहा वर्षांखालील मुलांना ६ लाख एकके आणि त्यावरील सर्वांना १२ लाख एकके. रोज गोळ्या घेतल्या जातील याची खात्री नसलेल्या ठिकाणी या एका इंजेक्शनचा फार आधार असतो. संपर्कातील प्रत्येकाला दहा दिवस रोज भेटावे किंवा फोन करावा, आणि ज्यांची लस अपुरी आहे त्यांना त्याच भेटीत लस द्यावी. उद्या केंद्रावर या, असे सांगून परत जाऊ नये.

वस्तीतील लसीकरण

लसीचा अपुरेपणा असलेल्या भागात प्रयोगशाळेने खात्री केलेला एक रुग्णही साथीचा इशारा मानावा आणि लसीकरणाची तयारी लगेच सुरू करावी. कोणत्या वयापर्यंत लस द्यायची हे आधी केलेला तक्ता आणि येणाऱ्या रुग्णांची वये एकत्र ठेवून ठरवावे. कॉक्स बाजारमध्ये डिसेंबर २०१७ मध्ये सुरुवात लहान मुलांपासून झाली, पुढे ती पंधरा वर्षांपर्यंत वाढवली गेली आणि मार्च २०१८ पर्यंत तीन फेऱ्या घेतल्या गेल्या. सात वर्षांखालील मुलांना घटसर्पाची पूर्ण ताकदीची मात्रा असलेली लस, म्हणजे त्रिगुणी किंवा पंचगुणी लस, द्यावी. सात वर्षांपुढील सर्वांना घटसर्पाचा अंश कमी असलेली टीडी लस द्यावी, कारण मोठ्या वयात पूर्ण मात्रेने सूज आणि वेदना अधिक होतात. गर्भवतींना आणि जखमी व्यक्तींना निव्वळ धनुर्वाताची लस देण्याऐवजी टीडी दिली, तर वेगळी मोहीम न काढता प्रौढांचे संरक्षण वाढत जाते. जागतिक आरोग्य संघटनेने हा बदल १९९८ पासूनच सुचवलेला आहे.

एकही मात्रा न मिळालेल्यांसाठी पहिल्या दोन मात्रांमध्ये किमान चार आठवड्यांचे अंतर ठेवावे. एक वर्षावरील व्यक्तींना तिसरी मात्रा एरवी दुसरीनंतर सहा महिन्यांनी देतात. साथीत हे अंतर कमी करून तीन फेऱ्या जवळजवळ घेतल्या जातात. पहिली मात्रा शरीराला विषाची केवळ ओळख करून देते. भरवशाचे संरक्षण पुढच्या मात्रांनी येते. पहिल्या फेरीला भीतीपोटी रांगा लागतात, दुसऱ्या फेरीत त्या पातळ होतात, आणि तिसऱ्या फेरीपर्यंत रुग्ण दिसेनासे झालेले असल्यामुळे लोकांचा आणि यंत्रणेचाही उत्साह ओसरलेला असतो. मनुष्यबळ, वाहने आणि निधी यांचे नियोजन करताना सर्वाधिक राखीव वाटा तिसऱ्या फेरीसाठी ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रत्यक्षात नेमके उलटे घडते.

शीतसाखळीबाबत, म्हणजे लस सतत थंड ठेवण्याच्या व्यवस्थेबाबत, एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. ही लस २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवायची असते आणि तिला गोठण्याचा धोका उष्णतेपेक्षा अधिक दुर्लक्षित राहतो. ताज्या गोठलेल्या बर्फाच्या पॅकला टेकलेली कुपी गोठते, नंतर वितळते आणि बाहेरून पाहता काहीच कळत नाही, पण तिच्यातील ॲल्युमिनियमचे कण गुठळतात आणि लसीची ताकद जाते. शंका आल्यास हलवून पाहण्याची चाचणी करावी. त्याच उत्पादकाची, त्याच बॅचची एक कुपी मुद्दाम रात्रभर पूर्ण गोठवून मग वितळू द्यावी आणि तिच्यावर 'वापरू नये' अशी खूण करावी. ती आणि संशयित कुपी एका हातात धरून दहा-पंधरा सेकंद जोरात हलवाव्यात आणि सपाट जागेवर शेजारी शेजारी ठेवून प्रकाशात पाहाव्यात. गोठवलेल्या कुपीत काही मिनिटांतच वरचा द्रव निवळू लागतो आणि तळाशी साका बसतो. संशयित कुपीतही साका तितक्याच वेगाने किंवा त्याहून लवकर बसला, तर तो सगळा गट टाकून द्यावा. ती बराच वेळ एकसारखी दुधाळ राहिली, तर लस वापरण्याजोगी आहे.

लोकांशी बोलताना

लस न मिळालेल्या प्रत्येक कुटुंबाला 'नकार देणारे' म्हणण्याची घाई करू नये. कित्येक घरांत नकार नसतोच. सत्राची वेळ आणि मजुरीची वेळ एकच असते, नाव-पत्ता लिहून दिला तर कोणीतरी उठवून लावेल अशी भीती असते, किंवा मागच्या वेळी कार्ड हरवल्याबद्दल कोणीतरी चारचौघांत बोललेले असते. अशा घरांसाठी संध्याकाळचे सत्र, कागदपत्रांची अट नसणे आणि एक आदराचा शब्द, हेच उपाय आहेत.

खरोखर साशंक असलेल्या पालकांना दुष्परिणाम आधीच सांगावेत: ताप येईल, दंड दुखेल, मूल एक-दोन दिवस किरकिर करेल. हे लपवून ठेवले आणि रात्री ताप आला, तर पुढच्या मात्रेसाठी दार उघडत नाही. साधी सर्दी, किरकोळ ताप किंवा जुलाब असताना लस टाळण्याचे कारण नाही. आधीच्या मात्रेनंतर तीव्र ॲलर्जी झाली असेल तर मात्र डॉक्टरांशी बोलूनच निर्णय घ्यावा. रुग्णाच्या कुटुंबाचे नाव सभेत घेऊ नये. ज्या घरावर बोट दाखवले जाते, त्या घरातला पुढचा आजारी लपवला जातो.

रुग्ण थांबल्यानंतर

घटसर्प होऊन गेला म्हणून कायमची प्रतिकारशक्ती येतेच असे नाही, कारण आजारात सुटणारे विष बऱ्याचदा शरीराला पुरेसे शिकवत नाही. त्यामुळे बऱ्या झालेल्या प्रत्येक रुग्णाला वयानुसार लसीच्या उरलेल्या मात्रा द्याव्यात. हे काम हमखास राहून जाते.

शेवटचा रुग्ण बरा झाल्यावर नोंदवहीची तीन भागांत फेरतपासणी करावी. पहिल्या भागात बरे झालेले रुग्ण येतात. त्यांना तीन महिने अधूनमधून भेटून आवाज, गिळणे आणि चालणे पाहावे. दुसऱ्या भागात एक किंवा दोन मात्रांवर थांबलेली नावे येतात, आणि तीच यादी तिसऱ्या फेरीचा आराखडा असते. तिसऱ्या भागात साथीच्या काळात जन्मलेली बाळे येतात. मोहिमेच्या गडबडीत त्यांची नियमित सत्रे चुकलेली असतात, म्हणून सहा आठवडे पूर्ण होताच त्यांना नेहमीच्या वेळापत्रकात घ्यावे. ज्या घराचे दार बंद आढळले, त्या नावापुढे 'घरी नाहीत' एवढेच लिहून पान उलटू नये. शेजाऱ्याला विचारून ते कुटुंब केव्हा परतणार आहे ते कळून घ्यावे आणि पुन्हा जाण्याची तारीख त्याच ओळीत लिहावी.